सिद्धम्माचं बोलणं

चन्नवीरचं गाव अक्कलकोटकडचं, पण तो वाढला सोलापुरात. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर उभा राहिला की दोन्ही. मराठी इतकं स्वच्छ बोलायचा की गणपतीच्या मेळ्यात राजाचं काम ठरलेलं त्याचंच. बोलपटाच्या कंपनीतून बोलावणं आलं, तेव्हा त्याला वाटलं, आपलं बोलणं कामी आलं.

तिथं वाट्याला आलं शेठजीच्या घरच्या कानडी गड्याचं काम. त्यानं पहिलंच वाक्य म्हटलं आणि डायरेक्टरसाहेब वैतागले.

"अहो, हा तर शाळामास्तर झाला! लोकांनी हसायचं कशाला? जरा मोडून बोला."

मोडकं मराठी चन्नवीरच्या कानात एकच होतं, अव्वाचं. त्याची आई सिद्धम्मा मंगळवार बाजारात कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. "घ्या की ओ, माझा भाकरी लई चांगला!" असं म्हणताना ती शेवट लांबवायची आणि तळहात गालाला लावायची. चन्नवीरनं सूर उचलला, हातही उचलला. दिवे धरणारेसुद्धा खो खो हसले. राजाच्या कामाला असं कुणी कधी दाद दिली नव्हती.

बोलपट सोलापुरात लागला. त्यानं अव्वाला हौसेनं ठेवणीतलं इरकल नेसायला लावलं, बायकांच्या बाजूला बसवलं. पडद्यावर गड्यानं गालाला हात लावला. "माझा मालकीण लई चांगला!" थेटर हसून लोटपोट. त्या गलक्यातही अव्वाचं हसू त्याला ओळखू आलं. गड्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा ते हसू ऐकू आलं नाही.

घरी जाताना ती कानडीत एवढंच म्हणाली, "चांगला दिसलास रे."

मंगळवारी शेजारचा बांगडीवाला लालसाब त्याला शोधत आला. "चन्नू, तुझी अम्मा सकाळपासून तोंड उघडंना झालीय. गिऱ्हाईक येतंय, हसतंय, जातंय. चल की!"

भाकरीच्या पाटीभोवती घोळका जमला होता. "मावशी, म्हणा की एकदा, माझा भाकरी!" सिद्धम्मा पदराशी चाळा करत खाली बघत होती.

चन्नवीर मध्ये घुसला. "हसू नका. ही माझी आई आहे. तिचं बोलणं मी पडद्यावर नेलं. चूक माझी आहे, तिची नाही."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा रे गड्या! आता मास्तरचं सोंग व्हय?"

पुन्हा हशा पिकला. तो चिडला, तसे ते आणखी हसले. त्याचा आवाज चढला, तसं एकानं टाळ्या वाजवल्या. शेवटी सिद्धम्मानंच त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

एका बाईनं भाव विचारला. सिद्धम्माचे ओठ हलले, पण तिनं नुसती बोटं दाखवली. तिच्या वतीनं सांगावं म्हणून चन्नवीरनं मान वर केली. ऐकण्याआधीच बाईच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं होतं.

तो पाटीतल्या उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधू लागला.