बिनतड्याची बरणी

भेगाबाई हे नाव तिला विद्यार्थ्यांनी ठेवलं आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी आनंदाने उचललं. चिखल वाळताना त्याला भेगा का पडतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. सूनबाईचं निम्मं आयुष्य भेगा बघण्यात गेलं, हे सासूबाई कुणी न विचारताही सांगत. आणि अशा बाईला छंद तरी कुठला लागावा? मातीची भांडी करण्याचा! भांडं चाकावरून उतरताना देखणं दिसे, आणि गॅलरीत वाळलं की काठापासून बुडापर्यंत तडा. नवऱ्याने ‘काय गं, जमलं का?’ म्हणून विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, ‘तडा नाही गेला, तर जमलं.’

भांड्यांच्या वर्गाच्या बाई म्हणत, माती चांगली आहे, तुझ्या बोटांनाच दम नाही. ते खरंच होतं. भांडं सावकाश वाळावं म्हणून त्यावर टाकलेलं ओलं फडकं उचलून बघितल्याशिवाय हिला राहवत नसे.

या खेपेला मात्र एक बरणी टिकली. वर्गाच्या प्रदर्शनात बाईंनी तिच्यासाठी फळीवर जागा राखली होती. भट्टी उद्या पेटायची होती, आणि दुसरी बरणी वाळवायला वेळ उरला नव्हता.

नेमका आजच तिचा संशोधनाचा पेपर छापून आला, दोनदा नाकारला गेलेला. सासूबाईंनी सकाळचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून खेळाच्या पानापर्यंत पालथं घातलं आणि सुनेचा फोटोसुद्धा नाही म्हणून संपादकाचा उद्धार केला. नवऱ्याने संध्याकाळी केक मागवला, विभागप्रमुखांना आणि शेजाऱ्यांना बोलावलं, पेपरची छापील प्रत टेबलावर मांडली.

ती कॉलेजातून आली तोवर घर भरलं होतं. प्रमुख भाषणाला उभे राहिले. ती हसत होती, मान डोलावत होती, पण जीव गॅलरीत. शेवटी चमचे आणायच्या निमित्ताने ती सटकली.

स्टूल रिकामं होतं. फडकं मात्र नीट घडी घालून ठेवलेलं.

बरणी सापडली ती दिवाणखान्यात, केकशेजारी. तिच्यात प्रमुखांनी आणलेली फुलं खोचलेली. बुडाशी एक काळपट ओल वर चढत होती.

“पाणी घातलंस?” तिने नवऱ्याच्या कानाशी विचारलं.

“मग फुलं काय कोरडी ठेवू?” तो अभिमानाने कुजबुजला. “आज तुझ्या हातचं काहीतरी टेबलावर हवं होतं. फिरवून फिरवून बघितली गं. एक तडा नाही. जमली ना?”

आता याला काय सांगणार? तडा नसला म्हणजे जमलं, हे तिनेच तर त्याला पढवलेलं. भाजायची राहिलीय, हे सांगायचंच राहिलं होतं. बरणी उचलावी तर हातात चिखल येणार, न उचलावी तर डोळ्यांदेखत जाणार. प्रमुख ‘चिकाटी’ या शब्दापाशी पोचले आणि बरणीने शांतपणे बसकण मारली. फुलं केकवर आडवी झाली.

प्रमुखांनी हळूच विचारलं, हे प्रात्यक्षिक होतं का?

“तडा मात्र एक गेला नाही हो,” सासूबाई म्हणाल्या.

आधी भेगाबाईच हसली. हसता हसता डोळे पुसले, बाह्या सारल्या आणि म्हणाली, “आई, जरा पेपर द्या.” सासूबाईंनी तत्परतेने हाताशी असलेला पेपर दिला. तोच, सुनेचा, आज छापून आलेला. आता कुठे बदलत बसायचं? तिने चिखल त्याच्यावरच गोळा केला.

पाहुणे गेल्यावर तिने वर्गाच्या बाईंना फोन केला आणि फळीवरची जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. सांगताना आवाज जरा चिरकला. मग तोच गोळा मळून ती चाकाशी बसली. नवी बरणी स्टुलावर आली तसा नवरा खुर्ची घेऊन गॅलरीच्या दारात ठाण मांडून बसला.

ती दोनदा आली. एकदा पाण्याच्या निमित्ताने, एकदा कसल्याच नाही.

“फडक्याला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

“लावत नाहीये. नुसती बघते.”

“फडकं बघून झालं ना? मग आत जा.”

ती आत गेली. तिसऱ्यांदा येईपर्यंत.