जाताना एक, येताना एक

गल्लीत त्याला सगळे जोडफटका म्हणत, अर्थात पाठीमागे. कारण साधं होतं: त्याचा हात कधी रिकामा परत येत नसे. जाताना तळहाताने एक, येताना उलट्या हाताने दुसरी. समोरच्याला काही कळायच्या आत दोन्ही गाल लाल! त्याच्याशी पंगा घ्यायची कोणाची टाप नव्हती.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला त्याने हाताला धरून वाढवलं आणि त्याच हाताने झोडपलंही. धाकट्याचे कान मात्र देवाने फुरसतीत घडवलेले. बंद पडलेलं मशीन चालू करताना आतून जी शिटी येते, ती ऐकूनच तो सांगे, मेमरी हललीय की बोर्ड गेलाय. "दुकान याच्या कानांवर चालतं," असं जोडफटका गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगे. धाकट्याला तोंडावर मात्र कधी चांगलं म्हटलं नाही.

त्या दिवशी व्हिडिओ एडिटिंग करणारा एक गिऱ्हाईक लाथेने दार ढकलून आत आला. मशीन काउंटरवर आदळलं, मेमरीचं रिकामं पाकीट शेजारी फेकलं, वायरी जोडल्या, कॉम्प्युटरचा पडदा चालू केला.

"बत्तीसशे स्पीडची मेमरी म्हणून घातलीत ना? बघा, सोळाशे! चोर साले!"

त्याने जोडफटक्याची कॉलर धरली. जोडफटक्याने त्याचं मनगट पिरगाळून त्याला काउंटरवर आडवा केला आणि मग पडद्याकडे पाहिलं. खरंच की! पाकिटावर बत्तीसशे, वेग दाखवणाऱ्या चौकटीत सोळाशे.

जोडफटका जुन्या मशीनांवर शिकलेला. तेव्हा मेमरीवर जो आकडा असे, तोच पडद्यावर दिसे. नव्या मशीनांचं सगळं त्याने धाकट्यावर सोडलं होतं, माल आणणंसुद्धा. त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"अर्ध्या वेगाचा माल खपवतोस? माझ्या दुकानात?"

"दादा, ऐक तरी, तो आकडा..."

ऐकतोय कोण! जाताना डाव्या कानावर, येताना उजव्या. धाकटा मागच्या लोखंडी रॅकवर आपटला. भुवई फुटली. जोडफटक्याने केस धरून त्याला उभा केला आणि पुन्हा तेच केलं. धाकट्याच्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला. भांडायला आलेला गिऱ्हाईकच शेवटी मध्ये पडला.

"अहो, मरेल तो!"

"मरू दे! खरा माल कसा असतो ते दाखवतो."

गेल्या आठवड्यात एकदाच त्याने स्वतः घाऊकवाल्याच्या गोदामातून आणलेलं एक सीलबंद पाकीट होतं. ते दाताने फाडून त्याने ती मेमरी मशीनमध्ये बसवली. पडदा उजळला. पाकिटावर बत्तीसशे, चौकटीत सोळाशे.

धाकटा भिंतीला धरून पुढे आला.

"दादा, तुझा हात एकदाच फिरतो," तो मोठ्याने म्हणाला. "पण मला किती बसतात? दोन! जाताना एक, येताना एक. मेमरीचंही तसंच आहे. एका हेलकाव्यात ती दोनदा माल पोचवते. ही चौकट हेलकावे मोजते, पाकिटावर पोचलेला माल लिहितात. सोळाशे दुणे बत्तीसशे!"

"म्हणजे बरोबरच होतं?" गिऱ्हाईक पुटपुटला.

"ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" जोडफटका सवयीने धाकट्यावर खेकसला. धाकटा नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

जोडफटक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो म्हणायला जीभ रेटेना. काहीतरी करायचं म्हणून त्याने गिऱ्हाइकाची मेमरी परत बसवायला घेतली. घाईघाईत ती धड बसलीच नाही. त्याने बटण दाबलं. मशीन लांब लांब शिट्या मारू लागलं. गिऱ्हाईक दचकला. जोडफटका नेहमीसारखा धाकट्याकडे वळला, काय बिघडलंय ते तो सांगेल म्हणून.

धाकटा मशीनला टेकून उभा होता.

"दादा, बटण दाब ना," तो ओरडून म्हणाला. "चालू का करत नाहीस?"