साळवे मॅडमचा शून्य तास

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते. शिक्षकांच्या ग्रुपवर इंग्रजीत छोटासा मजकूर आला, की साळवे मॅडम पहाटे भिंगारच्या घरी हृदयविकाराने गेल्या. खाली कुणीतरी घाईत अंगठा टाकला आणि लगेच काढूनही घेतला. समोर मुलं मॅडमची वाट बघत बसली होती. त्यांना कसं सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं, तेच कळेना… आता दीड महिना होत आला, आणि अजून मी त्या वर्गात शिरले की क्षणभर दारातच रेंगाळते.

सावेडीतल्या आमच्या इंग्रजी शाळेत दर वर्षी गावाकडून मुलं येतात. जामखेड, पाथर्डी, कर्जतकडची. आईवडील मुलांच्या शिक्षणासाठी नगरला खोली घेतात, आणि गावच्या शाळेत धडाधड उत्तरं देणारं मूल इथे एकदम मुकं होतं. अशा मुलांसाठी मॅडम प्रार्थनेच्या आधी एक तास घेत. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं, म्हणून सगळे त्याला शून्य तास म्हणायचे. इंग्रजीचं पुस्तक त्या तासाला कुणी उघडत नसे. फक्त विज्ञान आणि भूगोल. माती गाळायची, उतार मोजायचा, वारा कुठून येतो ते बघायचं. मुलांचे हात कामात असले की मॅडम शेजारी उभ्या राहून तेच काम सोप्या इंग्रजीत सांगत राहायच्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. उत्तर मात्र कधी मागायच्या नाहीत. आधी हात, मग कान, तोंड सगळ्यात शेवटी, असा त्यांचा क्रम होता. मूल आपणहून बोलेपर्यंत त्याला गप्प बसायची पूर्ण मुभा.

एका नव्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, ह्यो इंग्रजीचा तास हाय ना? मग माती कशाला?"

"मातीशिवाय काही उगवतं का रे तुमच्याकडे?"

"आमच्याकडं मातीतबी न्हाई उगवत. पानीच न्हाई ना, मॅडम."

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं.

मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले होते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरात मराठी, पण आकडे इंग्रजी. एकदा फिफ्टी-नाइन नंबरचं पान काढा असं सांगताना मी एकोणसाठऐवजी एकोणसत्तर म्हणाले आणि वर्ग खदखदून हसला. मला पळून जावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "हसा, हसा. पण आता तुम्ही मिसना मराठी आकडे शिकवायचे आणि मिस तुम्हाला इंग्रजी. फी कुणी कुणाला द्यायची, ते दिवाळीला बघू." तेव्हापासून मुलं मला जिन्यात गाठून आकडे विचारायची. स्टाफरूममध्ये मी आजही फारशी बोलत नाही. त्या तासात बोलायचे. याहून जास्त स्वतःविषयी लिहायला मला जमणार नाही.

यंदा जूनमध्ये खर्ड्याहून वैष्णवी आली, सातवीत. गणपती झाले तरी तिने वर्गात एक शब्द काढला नव्हता. तिचे वडील टेम्पो चालवतात. ते एकदा काकुळतीने मॅडमना भेटायला आले. "घरी लई बोलती, मॅडम. हितं आली की गपगार. काय करावं आमी?"

"काही करू नका," मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत मुलगी इंग्रजीत बोलली नाही, तर तिला पाचवीत बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा मी दाराशीच होते.

"ती ऐकतेय, सर."

"ऐकतेय हे मी पालकसभेत कसं दाखवू, मॅडम?"

बऱ्याच घासाघिशीनंतर एवढंच कबूल झालं, की तिची परीक्षा प्रयोगशाळेत, मॅडमच्या समोर होईल. त्या परीक्षेला दोन आठवडे होते आणि मॅडम गेल्या. तास माझ्याकडे आला. "तुमचं इंग्रजी तर उत्तमच आहे," सर म्हणाले. मला त्याचीच धास्ती होती. इंग्रजी मला येतं. न विचारता थांबणं येत नाही. मी वैष्णवीला रोज विचारत राहिले, व्हॉट इज धिस, व्हॉट इज दॅट, आणि तिची मान रोज आणखी खाली जात राहिली. घरी जेवताना, स्कूटीवर, अंघोळ करताना मी तिची उत्तरं मनात तयार करायचे. जणू परीक्षा माझीच होती.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी सुरुवात केली, "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." वैष्णवी फरशीकडे बघत राहिली. सरांनी पुन्हा विचारलं. मग शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. मी कधी मध्ये बोलत नाही. पण म्हणाले, "सर, मॅडम असत्या तर तिच्या हातात आधी काहीतरी दिलं असतं," आणि उत्तराची वाट न बघता दोन नरसाळी टेबलावर ठेवली. एकात मुरूम, एकात काळी माती. खाली ग्लास.

वैष्णवीने दोन्हींत पाणी ओतलं. मुरमातून लगेच धार लागली. काळी माती तशीच. सर उठायला लागले.

"वेट, सर," ती म्हणाली. हात आडवा धरलेला. "नॉट फिनिश."

सर खरंच बसले. बऱ्याच वेळाने काळ्या मातीखाली एक थेंब लोंबायला लागला. "ब्लॅक सॉइल…" ती अडली. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. मी ओठ घट्ट मिटून धरले. "ब्लॅक सॉइल कीप वॉटर. माय ग्रँडफादर फील्ड, सेम."

"वार्षिकपर्यंत सातवीतच राहू दे," सर जाताना म्हणाले. "पण तेव्हा मला पूर्ण वाक्यं हवीत, मिस."

ते गेल्यावर मी नरसाळं धुवायला घेतलं. काळी माती काचेला चिकटून बसली होती, नळाखाली धरूनही सुटेना. वैष्णवी माझ्याकडे बघत होती. मग सिंकखाली वाकून पाइपच्या मागून तिने एक पिसारलेला टूथब्रश काढला.

"मॅडम ह्यानं घासायच्या," ती म्हणाली आणि माझ्या हातातून नरसाळं घेऊन स्वतःच घासायला लागली. ब्रशच्या केसांत जुनी माती वाळून बसली होती. "मिस, उद्या काय करायचं?"

मातीनंतर मॅडम काय घेणार होत्या, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. "बघू," मी म्हणाले.

तिने ब्रश झटकला आणि होता तिथे परत ठेवला.