निशाणापलीकडचा मावसभाऊ

जगात जे जे काही संपतं, ते संपल्यावर बरोबर पाच मिनिटांनी माझा मावसभाऊ तिथे पोचलेला असतो. आधी नाही. लग्नात अक्षता पडताना त्याला कधी कुणी पाहिलेलं नाही. पण मांडवाचे वासे उतरायला लागले, आचारी चुलीतली लाकडं ओढून पाणी मारायला लागले, की हा कुठूनतरी उगवतो आणि आधी नवरीच्या बापाला शोधून काढतो. नवरीचा बाप त्या वेळी सतरंज्यांच्या ढिगावर रिकाम्या डोळ्यांनी बसलेला असतो. हा त्याच्या हातात चहा देतो, डोक्यावरचा फेटा अलगद उतरवून ठेवतो आणि म्हणतो, "पावणं, पाय पसरा आता. झालं समदं." माझ्या लग्नातही तो असाच उशिरा आला. मी त्याच्यावर रुसलो, पण आमची ही अजून सांगते, "अख्ख्या लग्नात 'वहिनी, जेवलात का?' असं विचारणारा तुमच्या घरातला तेवढा एकच माणूस होता." ते खरं आहे. मी विचारलं नव्हतं. गेली वीस वर्षं त्याबद्दल ऐकतो आहे.

क्रिकेटची मॅच झाली की लोक विचारतात, कोण जिंकलं? हा विचारतो, "लई दमली का पोरं?" माझ्या थोरल्याचा दहावीचा निकाल लागला तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी टक्के विचारले. हा संध्याकाळी आला आणि त्याने पोराला विचारलं, "झोप लागती का आता नीट?" मग दोघं मागच्या पडवीत जाऊन दोन तास काय बोलले ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

हे असं का, याचं उत्तर बैलगाड्यात आहे. माझी मावशी वारूळवाडीत दिलेली. घरी टोमॅटो, थोडी द्राक्षं आणि काकांच्या जिवाचा तुकडा अशी घाटात पळणारी बैलजोडी. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे जत्रा म्हटली की बैलगाडा आलाच. चढाचा घाट, खाली गाडा जुंपायचा, वर निशाण. पुढे घोडी सुटते, मागून बैल वाऱ्यासारखे वर येतात आणि दहा-पंधरा सेकंदांत एक बारी खल्लास. लाउडस्पीकरवरचा माणूस 'भिर्रर्र' म्हणेपर्यंत धूळ खाली बसलेली नसते. पण शर्यत संपली हे बैलांना कुणी सांगितलेलं नसतं. गाड्यावर हाकणारा कुणी नसतो, त्यामुळे निशाण ओलांडूनही ते सुटलेलेच असतात. त्यांना पलीकडे धरायला माणसं लागतात, आणि कॉलेजात जायच्या आधीपासून आमचा हा भाऊ त्या माणसांत. त्यामुळे शर्यत अशी त्याने कधी पाहिलीच नाही. गाडा कुणाचा, सेकंद किती, पहिल्या नंबराची फळी कुणी मारली, काही ठाऊक नाही. त्याला दिसायचे ते तोंडाला फेस आलेले, डोळे फिरलेले दोन बैल. तो समोरून आडवा व्हायचा नाही. बाजूने त्यांच्याबरोबर पळायचा, मानेवर हात टाकायचा, "हो राजा, हो हो, झालं झालं" म्हणत चाल हळूहळू उतरवायचा आणि मग त्यांना चांगली दोन शेतं फिरवून आणायचा. "यकदम थांबवला, दादा, की बैल आतनं मोडतो," असं मला त्याने एकदा सांगितलं होतं.

या घाटात माझाही एक पराक्रम आहे. घोडेगावच्या कचेरीतला एक कारकून म्हणून मी साधारणपणे कुठल्याही गोष्टीत हात घालत नाही, पण त्या जत्रेत मी नेमका निशाणाजवळ उभा होतो आणि मावशीचेच बैल वर येत होते. निशाण चार हातांवर असताना एक बैल ठेचाळून गुडघ्यांवर आला. माझ्या अंगात नातं संचारलं. मी उडी मारून गाड्याला जोर लावला आणि गाडा पार केला. टाळ्यांच्या अपेक्षेने वर पाहिलं तर सगळा घाट गप्प. निशाणाच्या आत गाड्याला माणसाचा हात लागला की बारी बाद, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. काका खालूनच ओरडले, "ए कारकुना! तुला कुणी बोलावलं व्हतं रं मधी? उठला असता की त्याचा त्यो!" मी दोन जत्रा वारूळवाडीकडे फिरकलो नाही. मावसभाऊ मात्र त्या दिवशी बैल फिरवून आल्यावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि एवढंच म्हणाला, "दादा, हात द्यायचा तर पल्याडनं द्यायचा."

माझे वडील गेले तेव्हा दहाव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हा आला नाही. लोक बोलले, मीही मनात बोललो. पंधराव्या की सोळाव्या दिवशी, शेवटची आत्याही परत गेल्यावर, मी रिकाम्या घरात उगाच कपाट उघडून बंद करत होतो, तेव्हा हा दारात उभा. "चल," म्हणाला. एस.टी.ने आम्ही डिंभ्याला गेलो. धरणाच्या पाण्याकडे बघत दिवसभर बसलो. एक कोळी जाळं सोडवत होता, ते पाहिलं. परतीची गाडी आलीच नाही, म्हणून चालत निघालो. अर्ध्या वाटेवर मला रडू आलं. तो थांबला नाही, मलाही थांबू दिलं नाही, फक्त चाल हळू केली. त्या वेळी मानेवर त्याचा हात होता की नव्हता, हे मला आता आठवत नाही. पण होता असं मी सगळ्यांना सांगतो. मी गोष्टी सांगताना थोडी भर घालतो, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे.

असा हा माणूस जनावरांचंच शिकला आणि पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीवर थेट ऑस्ट्रेलियात गेला. तो तिथे असतानाच त्याच्या शहरात पुष्कळ देशांच्या, पुष्कळ खेळांच्या मोठ्या स्पर्धा भरणार होत्या. त्यासाठी विद्यार्थ्यांमधून स्वयंसेवक हवे होते. पगार नाही. एक टोपी, एक शर्ट, गळ्यात अडकवायचा पास आणि ज्याचं काम नीट होईल त्याला समारोपाच्या सोहळ्यात मैदानात उभं राहायला मिळणार. त्याने मला फोन केला.

"दादा, अर्जात अनुभव लिवायचाय. माझ्याकडं काय अनुभव हाय?"

"तू बैल धरतोस की!"

"आरं, पण त्यांना बैल कुठं धरायच्यात?"

घरातला अर्जतज्ज्ञ मी. मी तीन दिवस खपून इंग्रजीत असं वाक्य केलं की, 'अंतिम रेषा पार केलेल्या स्पर्धकांना सुरक्षितपणे सांभाळण्याचा अर्जदारास अनेक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आहे.' स्पर्धकांना पाय किती, याचा उल्लेख केला नाही. त्यांनी त्याला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेमलं.

तिथे दोन संध्याकाळी शिकवणी झाली. पळणारा आला की अंगावर चादर टाकायची, पाणी द्यायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं. हा म्हणाला, बसवू नका, चालवा. त्यांच्या मुख्य बाईंनी त्याला सांगितलं की आम्ही हे काम बरीच वर्षं करतो. याने मान हलवली. आमच्या मुख्य साहेबांपुढे मी हलवतो तशीच.

बायकांच्या मॅरेथॉनच्या दिवशी वारूळवाडीत मावशीच्या घरी अर्धी आळी टी.व्ही.समोर. पहिली आली, दुसरी आली, आणि तिसरीच्या मागे क्षणभर एक चादर धरलेला हात दिसला. मावशी ताडकन उठली. "माझ्या लेकाचाच हात त्यो!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोरा हाय त्यो हात." "तिकडं ऊन कमी आसंल!" असं म्हणून मावशीने सगळ्यांना पेढे दिले. मग टी.व्ही.वाले दुसऱ्या खेळाकडे वळले.

खरी गोष्ट त्यानंतर दीड तासाने घडली. ती टी.व्ही.वर आली नाही. त्याने मला ती पुढे तीन-चार फोनांत, तुकड्या-तुकड्याने सांगितली.

सगळ्या आल्या होत्या, एक राहिली होती. कुठल्याशा लहान बेटावरची मुलगी, तिच्या देशाची एकटीच पळणारी. माणसं पांगली होती, अडथळे काढायला सुरुवात झाली होती. ती वळणावरून आली तीच झोकांड्या खात. रेषा पंधरा-वीस पावलांवर असताना पडली. याच्या बाजूच्या दोन विद्यार्थिनी चादर घेऊन धावल्या, आणि हा, ज्याने नारायणगावच्या कॉलेजात कुठल्या मुलीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, हात पसरून त्या दोघींना आडवा झाला. इंग्रजी सगळं विसरला. "हात लावू नगा! बाद हुईल ती, हात लावू नगा!" त्या मुलींना भाषा कळली नाही, पण पसरलेले हात कळले. एकीने त्याला ढकललं. मुख्य बाई धावत आल्या. त्या जे म्हणाल्या त्याचं याने मला मराठी करून सांगितलं, "तू माणूस हायेस का दगूड?" त्यांनी त्याच्या गळ्यातला पास ओढून काढला आणि जा म्हणून हात केला.

"मग तू काय केलंस?"

"न्हाई गेलो. म्हटलं, पास घ्या, पण आधी तिला येऊ द्या."

ती मुलगी हातांवर रांगली. उठली. पुन्हा पडली. राहिलेल्या माणसांतून कुणीतरी याला शिव्या देत होतं.

"किती वेळ चाललं रे हे?"

"आपल्या घाटात ईस बाऱ्या झाल्या असत्या, दादा. मला काय कमी वाईट वाटत व्हतं का? पर येवढी बेचाळीस किलोमीटर आलेली पोरगी, आन् शेवटच्या पंधरा पावलांत आपण तिचं समदं पुसून टाकायचं?"

ती उभी राहिली आणि तिने रेषा ओलांडली. त्या क्षणी याने तिला धरलं. खुर्ची आणली होती, ती याने पायाने बाजूला सारली आणि तिला चालवायला लागला. तेवढ्यात घड्याळवाला अधिकारी आला आणि मुख्य बाईंना म्हणाला की बरं झालं, रेषेच्या आत कुणी हात लावला नाही, नाहीतर मला हिचं नाव खोडावं लागलं असतं.

ही गोष्ट मी त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात सांगितली आहे. माझ्या सांगण्यात मुख्य बाई डोळे पुसत पास परत याच्या गळ्यात घालतात, समारोपाच्या सोहळ्यात ती मुलगी याचा हात धरून मैदानात येते आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहतं. मावशीला हीच गोष्ट आवडते. ती दरवेळी नवीन असल्यासारखी ऐकते.

तीन वर्षांनी हा सुट्टीवर आला. मावशी ओट्यावर टोमॅटो निवडून क्रेट भरत होती आणि मी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत होतो. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "दादा, असं काय झालं न्हाई. पास परत न्हाई भेटला. बाईंची ड्यूटी संपली, त्या गेल्या. सोहळ्याला मी कुंपणाच्या भाईर उभा व्हतो. आवाज चांगला येत व्हता."

"आणि ती मुलगी? नाव काय तिचं?"

"न्हाई इचारलं."

"अरे, एवढं सगळं करून नाव नाही विचारलंस?"

"दमल्याल्याला नाव इचारत्यात व्हय, दादा?"

मी कपाळाला हात लावला. तो मावशीशेजारी ओट्यावर टेकला. मग, मला नाही, समोरच्या क्रेटला सांगावं तसं बोलला.

"तिनं माझा शर्ट धरला व्हता. दोन्ही मुठींनी, हितं, छातीजवळ. चालवत नेली, पाणी पाजलं, तिची मानसं आली, तरी सोडंना. मानसं सोडवाया लागली. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या. सोडंल तिची ती. बऱ्याच येळानं सोडला."

मावशी इतका वेळ खाली मान घालून टोमॅटो निवडत होती. तिने तसंच खाली बघत विचारलं, "मंग त्यो शर्ट धुतला का न्हाई?"

"धुतला की."

"कवा?"

त्याने एक टोमॅटो उचलला, सगळीकडून पाहिला, परत ठेवला.

"दुसऱ्या वर्षी."

मावशीने हातातला टोमॅटो उगाचच पदराला पुसला आणि क्रेटमध्ये ठेवला. मग पुढचा घेतला. मी तोंड उघडलं होतं, पण या गोष्टीत भर घालण्यासारखं मला काहीच सुचलं नाही. मीही एक क्रेट पुढे ओढली आणि टोमॅटो निवडायला लागलो.