कडेवर घेणारी ब्रह्मदंडी

बीडहून वडवणीची एसटी पकडली तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, भिंग आणि कागदावर चिकटवलेला ब्रह्मदंडी या रानझाडाचा एक जुना सुकलेला नमुना होता. याच नमुन्यावरून बारा वर्षांपूर्वी मी शबानाचे प्रॅक्टिकलचे मार्क कापले होते. "मॅडम, दोन ब्रह्मदंड्या असत्यात," ती म्हणाली होती. "एकच असते. बस खाली," मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले. परवा तिने दोन झाडांचे फोटो पाठवले. खाली एवढंच : 'एकदा या.' निवृत्त मास्तरणीची झोप उडायला तेवढं पुरे झालं.

शबाना आता शाळेत शिकवते. स्टँडवर तिचे अब्बाही आले होते. अत्तारभाई आठवडी बाजारात जडीबुटी विकतात. घरी आधी करडईची कोवळी भाजी आणि ज्वारीची भाकरी झाली. ब्रह्मदंडी करडईच्याच गोतातली; जिला भेटायला आले तिचीच नातलग खाताना मी जरा संकोचलेच.

मग गावाबाहेरच्या माळावर गेलो. धोंड्यांमधून जांभळट फुलं डोलत होती. वाकताना माझ्या पायात काटा मोडला, तरी भिंग सोडलं नाही. शबानाने दाखवलेल्या दोन्ही झाडांची फुलं सारखीच, बोंडंही सारखीच. माझंच खरं, म्हणून मनातून मी खूश झाले.

"भिंगातनं कावून (का म्हणून) बघता?" अत्तारभाई म्हणाले. "डोळे मिटा. दांड्याच्या मागून बोट खाली सोडा."

पहिल्या झाडावर बोट सरळ उतरलं. दुसऱ्यावर अडलं. पानाने दोन्ही बाजूंनी दांड्याला कवेत घेतलं होतं.

"ही लेकरू कडेवर घेती, ती न्हाई घेत," ते म्हणाले. "हिला आमी दहाण म्हणतो."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी शबानाला विचारलं.

"सांगतच होते की. तुमी बस म्हणलात, बसले."

मला फार लाज वाटली. "चुकलं माझं, शबाना."

"जाऊ द्या मॅडम. आधी काटा काढा पायातला."

परतीच्या गाडीत नमुना उघडला. पान दांड्याला घट्ट बिलगलेलं. घरी येऊन पुस्तक काढलं, तर त्यातही पानाची ही खूण दिलेली होतीच. इतकी वर्षं मी फुलंच पाहत आले, पानाकडे पाहिलंच नाही. तरी मन हलकं होतं. म्हातारपणी एक नवं झाड ओळखीचं झालं होतं.

नमुन्याची चिठ्ठी बदलली. नाव : दहाण. 'ओळख पटवणारी व्यक्ती' या रकान्यात आजवर माझंच नाव असायचं. तिथे लिहिलं : शबाना अत्तार.