टिंबाचा च

अनिसा खुलताबादची, घरी उर्दू बोलत वाढलेली. शहरातल्या एका उर्दू शाळेत ती चौथीला मराठी शिकवते. मराठीत एम.ए. झालेली, शुद्धलेखन चोख. पण गेल्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिला उतारा वाचायला उभं केलं आणि 'चारा' हा शब्द तिनं 'चार'मधल्या चनं वाचला. मागच्या रांगेत दोघी हसल्या. उतारा संपवून ती खाली बसली, पण नंतरचं काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

तेव्हापासून तिचे कान थाऱ्यावर राहीनात. बसमध्ये, भाजीवाल्याकडं, बँकेच्या रांगेत ती फक्त लोकांचे च, ज आणि झ ऐकायची. चांदीतला च वेगळा, चांदण्यातला वेगळा. 'माझी' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'माझा' म्हणताना दातांमागं. लिहायला मात्र अक्षर एकच. उर्दूत जीम आणि ज़े ही अक्षरंच वेगळी; इथं डोळ्यांना काही कळायची सोयच नव्हती. समोरचा काय सांगतोय, तेच तिच्या हातून निसटायला लागलं.

शेजारच्या भामाबाई पाचोडच्या, मराठीच बोलत मोठ्या झालेल्या. अनिसानं त्यांच्याकडून 'चारा', 'चार' असं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि विचारलं, यातला फरक तुम्ही कसा ओळखता?

"कसला फरक? च तर एकच हाय की," भामाबाई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून दोन्ही च बिनचूक येत होते आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. त्या रात्री अनिसाला नीट झोप लागली नाही.

मग तिनं फळ्यावर दातांमागून येणाऱ्या च, ज आणि झ यांच्याखाली टिंब द्यायला सुरुवात केली. उर्दूतल्या नुक्त्यांना, म्हणजे अक्षरांच्या टिंबांना, सरावलेली मुलं पटापट बरोबर वाचू लागली. हेडमास्तर तौफिक सरांनी बजावलं, की परीक्षेत पोरांनी टिंबं दिली तर मार्क जातील. टिंब फळ्यावर, वहीत नाही, असं ठरलं. पण चुकणाऱ्याला अनिसा सोडेना. वाक्य मध्येच तोडून पुन्हा म्हणायला लावायची.

दिवाळीनंतर सगीराची आई शाळेत आली. सगीरा वर्गात सगळ्यात साफ वाचणारी. आई कापडाच्या दुकानात कामाला होती.

"मॅडम, पोरगी घरी मला टोकते," ती म्हणाली. "दुकानात गिऱ्हाइकाशी मी मराठीत बोलायची. आता तोंडच उघडत नाय."

मीही चुकते, तुम्ही बोलत राहा, असं अनिसा म्हणाली. बाईनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. त्या दुकानावरून अनिसा अजून रोज जाते. आत जायचा धीर होत नाही.

टिंबं फळ्यावर आहेत. मूल बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं मात्र तिनं ठरवलंय. ते तिला जड जातं. परवा एका मुलानं शेळी हरवल्याची गोष्ट सांगितली. बऱ्याच ठिकाणी चुकला. अनिसा हातातला खडू चुरत उभी राहिली आणि तो थांबल्यावर तिनं विचारलं, "मग सापडली का शेळी?"