घोट्यावरची सरळ रेघ

त्या सोमवारी मी औंढ्याच्या नागनाथाकडे एकच मागत होते, मला जे दिसलं ते खोटं ठरू दे. वसमतच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात मी नर्स आहे. चार वर्षांची एक मुलगी भाजून आली होती. दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे घोट्यापर्यंत सारखे भाजलेले, वर सरळ रेघ, शिंतोड्याचा एक डाग नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले. सोबत चुलती होती, कुरुंद्याची, माझ्याच माहेरची. लहानपणी आम्ही एकाच ओढ्यावर धुणी धुतलेली. “आंघुळीच्या कढत पाण्यात सोताच उतरली बघ. मी काहून खोटं बोलू?” असं म्हणून ती लेकराला वरणभाताचा घास भरवू लागली. इतक्या मायेनं, की माझं शिकलेलं सगळं मलाच खोटं वाटू लागलं.

ती रेघ एक सांगत होती, चुलतीचे हात दुसरंच. कळवलं आणि माझी चूक निघाली, तर माहेरी तोंड दाखवता आलं नसतं. नाही कळवलं, तर पोरगी पुन्हा त्याच घरात. दुपारी औषधांच्या कपाटाशी उभी राहून म्हटलं, देवा, तूच ठरव.

शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. मी कुणाला काही बोलले नव्हते. पट्टी बदलून वळले तर ती हळूच म्हणाली, “बाई, चुकून पाय पडला तर लेकरू उडी मारून भायेर येतंय. ह्या पोरीला कुनीतरी धरून ठिवलं व्हतं.” सकाळपासून माझ्या मनात हेच होतं. तिनं ते मोकळ्या हवेत आणून ठेवलं.

मी मुलीला खोदून विचारलं नाही. दिसलं ते आणि चुलती बोलली ते तिच्याच शब्दांत नोंदवलं, डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोलिसांना आणि बालकल्याण समितीला कळवलं. चुलती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “तू पन?” दोन दिवसांनी तिनंच पोलिसांना सांगितलं. अंथरूण ओलं केलं म्हणून नवऱ्यानं पोरीला पाण्यात धरलं होतं, आणि ती स्वतः दाराशी उभी होती. आई फडावरून धावत आली, ती लेकराला सोडेचना.

म्हातारीचे आभार मानायला गेले, तर नात बरी होऊन दोघी घरी गेलेल्या. तिला नागनाथानं धाडलं, की ती नुसतीच न भिणारी बाई होती, मला उमगत नाही. चुलतीवर चिडावं की तिच्यासाठी रडावं, तेही नाही. मी देवाकडे खात्री मागत होते, आणि खात्री करणं माझं काम नव्हतंच. दिसलं ते सांगायचं, पुढचं त्याच्या हाती द्यायचं, एवढंच माझ्याकडे होतं. औंढ्याच्या पायरीवर आता मी काही मागत नाही. लेकराचं नाव घेते, मग चुलतीचं. म्हातारीचं नाव ठाऊक नाही, तिच्यासाठी नुसते हात जोडून उभी राहते.